काजूची बाग, अंजनीचे रान आणि एकच हिरवा रंग

चंदगडहून तिलारीनगरच्या दिशेने निघाले की आधी काजूच्या बागा लागतात आणि पुढे अंजनी, जांभूळ, हिरड्याचे रान. बागेला मालक आहे, कुंपण आहे, उन्हाळ्याच्या तोंडाला बिया वेचायला बायकांची वर्दळ आहे. रानात गवा आहे, शेकरू आहे आणि वर्षानुवर्षे साचलेला पालापाचोळा आहे. या दोहोंतला फरक गावातले शाळकरी पोरही सांगेल. देशाच्या वनाच्छादनाच्या नकाशावर मात्र दोन्ही एकाच वर्गात, एकाच हिरव्या रंगात जाऊन बसू शकतात. भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्याच तशी आहे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, त्यावर दहा टक्क्यांहून अधिक पर्णछत्र, म्हणजे ते वनाच्छादन. जमीन कोणाची आणि झाड कुठले, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. काजू, रबर, निलगिरी, आमराई, सगळे त्यात येते.

सर्वेक्षणाला दोष देण्याचे कारण नाही. १९८१ साली स्थापन झालेली ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशभराचा अहवाल काढते. एवढ्या अवाढव्य देशाची मोजदाद करायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. ज्या उपग्रहचित्रांवर हे काम झाले, त्यांतला एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब-रुंद असतो. त्या ठिपक्यातून अंजनी आणि काजू वेगळे काढा म्हणणे अन्यायाचे आहे. चूक होते ती पुढे, जेव्हा देशासाठी काढलेला हा नकाशा गावाच्या टेबलावर ठेवला जातो आणि त्यावरून तोडीचा, खाणीचा, लागवडीचा निर्णय होतो.

कोल्हापूर जिल्ह्याला म्हणून आता स्वतःचा झाडोऱ्याचा नकाशा हवा आहे. कोणत्या गटात कोणती झाडे आहेत, ती आपोआप आलेली की लावलेली, साधारण किती वयाची, खाली काय उगवते, हे गावपातळीवर सांगणारा. आणि तो झाडे तोडू न देण्यासाठी जितका हवा, तितकाच झाडे तोडू देण्यासाठीही हवा. हे दुसरे कारण काही निसर्गप्रेमींना खटकेल. पण ते मान्य केल्याशिवाय पहिले कधीच होणार नाही.

जिल्हा तसा मोठा नाही, ७,६८५ चौरस किलोमीटर. पण गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि शिरोळात पाच-सहाशेवर भागते. एवढ्या टप्प्यात झाडोरा किती वेळा बदलतो ते राधानगरीकडून पूर्वेला येताना दिसते. घाटमाथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचे सदाहरित रान, उतारावर कारवी, त्याखाली किंजळ, ऐन, नाना, मग करवंदांची जाळी, गवताची कुरणे आणि शेवटी ऊसच ऊस. मध्येच सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट पठारे, ज्यांवर झाड जवळजवळ नसतेच. गावोगावच्या देवराया वेगळ्याच, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद करायला घेतली तेव्हा त्यांचे मोल अभ्यासकांच्या ध्यानात आले, गावकऱ्यांच्या ते आधीपासूनच होते. अशा जिल्ह्याला 'घनदाट', 'मध्यम', 'विरळ' आणि 'झुडपी' अशा चार खान्यांत कोंबले की हाती उरते फक्त पानांची दाटी.

दाटी मोजली की काय निसटते, याचे सर्वांत बोचरे उदाहरण नरक्याचे. हे सह्याद्रीतले लहानखोर झाड. त्याच्या खोडात कॅम्प्टोथेसिन असते, कर्करोगावरच्या औषधांचा कच्चा माल. त्यापायी चंदगड, राधानगरीच्या भागातून नरक्याची चोरटी तोड झाली, ट्रक पकडले गेले, गुन्हे दाखल झाले. पण नरक्या उंच झाडांच्या सावलीत वाढतो. तो मुळासकट गेला तरी वरचे छत्र जागच्या जागी राहते. आकाशातून पाहणाऱ्याला ते रान कालच्याइतकेच हिरवे दिसते.

लाकडाचा प्रश्न याहून रोजचा आहे. महाराष्ट्र सामाजिक वनीकरण विभाग १९८२ साली सुरू झाला. त्या आणि पुढच्या काळात गायरानांवर, डोंगरउतारांवर, बांधांवर निलगिरी, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. वनखात्यानेही तेच केले. यातली बरीच झाडे आता तोडणीच्या वयाची झाली आहेत. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीखाली फारसे काही उगवत नाही, गुरे त्यांना तोंड लावत नाहीत, पण त्यांचे लाकूड बाजारात चालते. हे लाकूड शिस्तीत काढले, त्याजागी हळूहळू स्थानिक झाडे येऊ दिली, तर वखारीचे पोट भरेल आणि अंजनीच्या रानावरचा डोळाही हटेल. त्यासाठी पहिली गरज म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ नेमकी कुठे, किती आणि कोणाच्या जमिनीवर उभी आहे, हे ठाऊक असणे. आज ते जिल्ह्यात एका कागदावर कुठे सापडत नाही.

वनखाते स्वतःच्या जमिनीपुरता हिशेब ठेवते, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशानंतर केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात कुऱ्हाड लावता येत नाही. खात्यातले लोक तिला 'वर्किंग प्लॅन' म्हणतात. तिच्यात कक्षनिहाय स्टॉक मॅप असतो. कुठे कोणता झाडोरा, किती दाट, कुठे कूप, म्हणजे तोडणीचा पट्टा, टाकायचा, कुठे नाही. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी की हा नकाशा खात्याच्या हद्दीच्या दगडापाशी संपतो. शाहूवाडी, आजरा, चंदगडातले पुष्कळ रान मालकीचे आहे. एकाच डोंगराच्या अर्ध्या उतारावर वनखात्याचा कक्ष क्रमांक आणि अर्ध्यावर सातबारा. पाणी, वणवा, गवा यांना ही हद्द कळत नाही. नकाशाला मात्र तेवढीच कळते.

मालकीच्या झाडांना लागू होतो १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा. साग, हिरडा, ऐन, किंजळ अशा अनुसूचित झाडांना परवानगी लागते, मग मोजणी, पंचनामा, खोडावर शिक्का, वाहतुकीचा परवाना. ज्याने स्वतःच्या हाताने वीस वर्षांपूर्वी साग लावला, त्यालाही हीच वाट आणि ज्याच्या वाट्याला पणजोबांपासूनचे रान आले, त्यालाही हीच. परिणाम ठरलेला. शेतकरी हेलपाटे घालायला कंटाळतो आणि उभे झाड ठेकेदाराला पडेल भावाने देऊन टाकतो. ठेकेदाराला कार्यालयाची वाट पाठ असते. एका गटाच्या परवान्यावर शेजारच्या गटातले लाकूड बाहेर पडते, ही तक्रार पश्चिमेच्या तालुक्यांत नवी नाही. लावलेल्या सागाचा गट आणि नैसर्गिक रानाचा गट आधीच नकाशावर वेगळा दिसत असेल, तर पहिल्याला चार दिवसांत परवाना द्यायला आणि दुसऱ्याला ठामपणे थांबवायला कोणत्याही अधिकाऱ्याचा हात थरथरणार नाही. आज दोघांनाही सारखेच लटकवले जाते.

आता सड्यांकडे पाहू. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आणि केंद्राचा भूसंपदा विभाग यांनी देशातल्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह काढले आहेत. झाड नसलेली, खडकाळ, झुडपी जमीन त्यात 'पडीक' म्हणून पडते. सह्याद्रीचे सडे याच व्याख्येचे बळी. राधानगरी तालुक्यातले दुर्गमानवाड, इदरगंज पठार ही नावे कोल्हापूरकरांना बॉक्साइटच्या खाणींमुळे माहीत झाली. जांभ्याच्या थराखाली बॉक्साइट आणि थराच्या वर चार महिने जगणारी वनस्पतिसृष्टी; पाऊस सरला की ती सुकून जाते. कीटकभक्षी दवबिंदू, सीतेची आसवे, सोनकी, कंदीलपुष्पे हे सगळे जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीपर्यंत आटोपते. उपग्रहाचे स्वच्छ, बिनढगांचे चित्र मिळते ते त्यानंतर. म्हणजे फोटो काढणारा पोचतो तेव्हा जत्रा उठलेली असते, आणि अहवालात लिहिले जाते की इथे काही नाही.

खाणच लागते असेही नाही. झाडे लावणेही सड्याला तेवढेच घातक ठरते. पडीक जमीन दिसली की भरपाई वनीकरणाची योजना तिथे येते, कातळात खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, फोटो निघतात. रोपे मरतात. ज्या जागी मुळात झाड नसणेच स्वाभाविक आहे, तिथे झाड लावून आपण जंगल वाढवले असे मानायचे, हा हट्ट नकाशाच्या अडाणीपणातून येतो. साताऱ्याच्या कास पठाराला २०१२ साली राधानगरी, कोयना आणि चांदोलीसोबत जागतिक वारशात स्थान मिळाले, तेव्हापासून पठारांना थोडी प्रतिष्ठा आली. पन्हाळ्याजवळचे मसाई पठारही आता संवर्धन राखीव क्षेत्र झाले आहे. बाकीच्या बहुतेक सड्यांचे नाव अजून कोणत्याच चांगल्या यादीत नाही.

नकाशा म्हटले की पश्चिमेच्या गावांत लोक सावध होतात, त्यालाही कारण आहे. गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे साधारण नऊ बाय नऊ किलोमीटरचे चौकोन पाडले आणि चौकोनाला गुण दिले. एका चौकोनात जंगलही आले, बाजारपेठही आली. पाठोपाठ २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने गाव हे एकक धरले. उपग्रहचित्रांवरून 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' असे भूप्रदेशाचे दोन भाग केले, आणि ज्या गावात नैसर्गिक भाग वीस टक्के किंवा अधिक, ते अख्खे गाव संवेदनशील यादीत. उरलेल्या ऐंशी टक्क्यांत शेत, बाग, वाडी असली तरी. केंद्राने २०१४ पासून या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे काढले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडमध्ये डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरची गावेही आहेत. दहा वर्षांत सहा मसुदे आणि अंतिम एकही नाही.

दोन्ही समित्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नको. गाडगीळांनी तर निर्णय ग्रामसभेपर्यंत न्यावा असे वारंवार सांगितले. पण शेतकऱ्याने जेव्हा विचारले, 'माझा गट यात आहे का? माझी काजूची बाग जंगल धरली आहे का?', तेव्हा उत्तर द्यायला कोणाकडे पुरेसा बारीक नकाशा नव्हता. उत्तर नसले की अफवा फिरते. घर बांधता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत, इथपर्यंत ती गेली. विरोधाचा अर्धा जोर या अंधारातून आला, असे म्हणायला जागा आहे.

झाडोऱ्याचा नीट नकाशा होतो, आणि आपल्या शेजारी झालेलाही आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने साठच्या दशकात भारताच्या वनस्पतींचे दहा लाखांत एक या प्रमाणाचे नकाशे काढले, त्यात मुंबईचे पान होते. पुढे ऐंशीच्या दशकात ज्याँ-पिएर पास्काल आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटाचे अडीच लाखांत एक प्रमाणाचे वननकाशे केले. पाऊस किती, कोरडे महिने किती, उंची किती आणि त्यावर कोणत्या झाडांची संगत जमते, असा तो विचार. पण उत्तरेकडे ही मालिका बेळगाव-धारवाड-पणजीच्या पानावर, सोळाव्या अक्षांशाच्या आसपास थांबली. म्हणजे चंदगडच्या उंबरठ्यावर. उरलेला कोल्हापूर जिल्हा त्या पाहणीच्या बाहेर राहिला.

लांबचे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. अल्बर्ट वीसलँडर या वन अधिकाऱ्याने १९२८ पासून तिथल्या डोंगरांवर माणसे पाठवली. ती कड्यावर उभी राहत, समोरच्या उतारावर कोणता झाडोरा कुठून कुठवर आहे त्याच्या रेघा नकाशावर ओढत आणि ठिकठिकाणी तुकडे आखून झाडे मोजत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे चालले. तेव्हा हेतू होता लाकूड, वणवे आणि पाणलोट. आज शास्त्रज्ञ तेच कागद काढून ऐंशी-नव्वद वर्षांत कोणते झाड कुठून हटले ते तपासतात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्या दिवशी दाजीपूरच्या रानात काय उभे होते याचा असा एखादा नकाशा असता, तर आजच्या अर्ध्या वादांना तोंडच फुटले नसते.

साधनांची ओरड आता करता येत नाही. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची दहा मीटरची चित्रे फुकट मिळतात, दर काही दिवसांनी नवी. डिसेंबरचे आणि मार्च-एप्रिलचे चित्र शेजारी ठेवले की पानगळ कळते. ऐन, सावर उघडे पडतात, अंजनी-जांभूळ हिरवेच राहतात. एवढ्यानेच निम्मे काम होते. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, त्यावर रडार हा उपाय. इस्रो आणि नासाने ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या निसार उपग्रहाचे रडार ढगांतून तर पाहतेच, पर्णछत्रातही शिरते. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून राज्यासाठी नकाशे करते. सातबाऱ्याचे गट नकाशे संगणकावर आले आहेत. आता कोल्हापुरात हे सगळे एकावर एक ठेवायचे, एवढेच.

मात्र उपग्रह रंग दाखवतो, नाव सांगत नाही. नाव सांगायला माणूस लागतो, आणि कोल्हापूर इथे फार श्रीमंत आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. एम. एम. सरदेसाई यांनी २००२ साली 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट' हा ग्रंथ दिला. जिल्ह्यात कोणत्या वनस्पती आहेत याची अशी पक्की बैठक फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल. कोणती वनस्पती आहे ते कळले; ती कोणत्या गटात किती आहे, हे पुढचे पाऊल टाकायला विद्यापीठाचे विद्यार्थी, खात्याचे वनरक्षक आणि गावातली जाणती माणसे एकत्र हवीत. पाटगावची मधपाळ मंडळी घ्या. भुदरगड तालुक्यातले हे गाव 'मधाचे गाव' म्हणून ओळखले जाते. जांभूळ कुठे फुलते, हिरडा कधी, कारवीचा मोहोर कोणत्या उतारावर येणार, हे त्यांना पोटासाठी माहीत असावे लागते. धनगरवाड्यांवरच्या म्हाताऱ्यांकडे गवत आणि पाणवठ्यांचे असेच ज्ञान आहे. त्याच धनगरांना वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. चांगला नकाशा त्यांच्याही बाजूने साक्ष देईल.

गावाचे ज्ञान नोंदवायची सोय कायद्यात आहेच. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही व्हायची होती. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची तंबी दिली, आणि देशभर वह्या धडाधड तयार झाल्या. त्या कशा झाल्या असतील हे सांगायला नको. शेजारच्या गावाची यादी नाव बदलून उतरवलेली वही उघडायची आणि तिच्यात गट नंबर भरायला बसायचे, एवढे जरी आता केले तरी कागदाचे सोने होईल.

हे का तातडीचे आहे, तर जमिनीचा वापर ठरण्याचा वेग वाढला आहे. २०२० नंतर विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रे राज्य सरकारने केली. राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत नोंदला गेला, म्हणजे मधल्या रानांतून त्याला वाट मिळाली. कर्नाटकातून आलेले हत्ती दोन दशकांपासून चंदगड-आजऱ्याच्या उसात आणि भातात शिरत आहेत. रिसॉर्टसाठी आंबा घाटाच्या परिसरात जमिनी विकल्या जात आहेत. या सगळ्यांच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर आहेत आणि प्रत्येक टेबलावर वेगळा नकाशा.

एक इशारा मात्र आधीच द्यायला हवा. नकाशा झाला आणि तो खात्याच्या संगणकात पासवर्डमागे राहिला, तर तो नसल्यात जमा. दुर्मीळ वनस्पतींचे नेमके ठिकाण झाकून ठेवावे, नाहीतर नरक्याच्या तस्करांना आयताच पत्ता मिळेल. बाकी सगळे मराठीत, गट नंबरासह, तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर यावे. हरकत घ्यायला गावाला मुदत असावी. चुकीचा रंग पडला असेल तर शेतकऱ्याने दाखवावे, वनपालाने जागेवर जाऊन पाहावे आणि रंग बदलावा. लावलेल्या झाडांचा गट ठरला की त्याची तोड परवान्याच्या जाचातून मोकळी करण्याचा शासन निर्णय नकाशासोबतच निघावा. गावाला पहिला अनुभव फायद्याचा आला, तर दुसऱ्या वर्षी तेच गाव रानाचा नकाशा राखायला पुढे येईल. पहिला अनुभव नोटिशीचा आला, तर पुढचे मसुदेही आधीच्यांच्याच वाटेने जातील.

सुरुवात चंदगडपासून करावी. काजू, मालकीचे रान, हत्ती, राखीव क्षेत्र आणि बॉक्साइटचे सडे यांची गुंतागुंत तिथे आहे. तिथे जमले तर इतर तालुक्यांत जमेल. जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात त्यासाठी तरतूद करावी, वनविभागाने पुढची कार्य आयोजना लिहायला घेण्याआधी विद्यापीठाला सोबत घ्यावे. आणि घाटमाथ्यावरच्या गावांनी येत्या ग्रामसभेत एकच ठराव मांडावा: आमच्या गावात कोणते झाड कुठे आहे, ते आम्हाला विचारून लिहा.